पिवळ्या ट्रेतले तीन किलो

नाही हो मावशी, आजारी नाहीये मी, डोळे हल्ली असेच दिसतात — झोप झाली नाही, एवढंच. काल रात्रभर डोक्यात एकच — त्या दिवशी हिच्या वेण्या कोण घालणार? हसा, हसलात तरी चालेल, सकाळी दात घासताना माझं मलाच हसू आलं. पण रात्री अंथरुणात तोच विषय इतका मोठा होतो म्हणून सांगू! शाळेत दोन वेण्या लागतात, लाल रिबिनी लावून, ज्युनियर केजीलासुद्धा. आमच्या सासूबाई घालतात तशा, पण इतक्या घट्ट की हिच्या भुवया कपाळावर चढतात, दिवसभर पोरगी दचकल्यासारखी दिसते. तिच्या पप्पांना येते — मीच शिकवली होती, वायर गुंफतात तशी गुंफायची म्हटल्यावर लगेच जमली त्यांना — पण त्या दिवशी तेही नसणार. दोघंही नसणार. तेच तर. — कुठल्या दिवशी? सांगते. आधी एक प्लेट कांदाभजी द्या. नेहमीसारखी. तेजू, त्या कुत्र्याची शेपटी सोड, इथं पायरीवर बैस बघू.

मघाशी त्या गिऱ्हाइकाला म्हणालात ना, चालायचे बूट घालून रोज भजी खायला येणारी बाई म्हणून — ऐकलं मी. नाही, राग कसला, खरंच आहे ते. घरून मी चालायलाच निघते. मॅगझिन चौकातून मिलिटरीच्या भिंतीच्या कडेकडेने शेवटच्या फाटकापर्यंत आणि परत — असं घरी माहितीये. हे बूट दिरांनी आणून दिलेत, नवनाथभाऊजींनी, म्हणाले वहिनी, साधे घेऊ नका, गुडघे जातील. सासूबाई माझ्यासाठी वेगळी भाजी करतात, बिनतेलाची — म्हणजे उकडलेलीच म्हणा. दुधी, दोडका, परत दुधी. गेवराईकडची बाई, शेंगदाण्याच्या कुटाशिवाय ज्यांचं पातेलं गॅसवर चढायचं नाही, त्या माझ्यासाठी दोडका उकडतात आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत समोर बसून राहतात. लग्न ठरताना माझं वजन कोणी विचारलं नव्हतं. आता आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना पाठ आहे. लिफ्टमध्ये विचारतात — किती राहिले? तीन. अजून तीनच? हो, अजून तीनच. दोन महिने झाले, तीनच.

कशासाठी म्हणजे? तुम्हाला वाटलं बाळंतपणानंतरचं? तसं असतं तर बरं झालं असतं, मीपण मोबाईलवर ते व्हिडिओ बघत बसले असते, जिऱ्याचं पाणी प्या नि लिंबू पिळा. नाही. तेजूच्या पप्पांना लिव्हर द्यायचंय. माझं. सगळं नाही हो — अर्ध्याहून थोडं जास्त. ते म्हणे परत वाढतं, दोन-तीन महिन्यांत जवळजवळ होतं तेवढं. ऐकायला किती बरं वाटतं ना, कढीपत्त्यासारखं, छाटला की फुटतो. — दारू? नाही हो. थेंब नाही. सगळे पहिलं तेच विचारतात, तुम्ही निदान आवाज खाली करून विचारलंत. चाकणला कंपनीत डाय फिटर होते — आहेत, आहेत, नाव आहे अजून तिथं. आजाराचं नाव लांबलचक आहे. सोपं सांगायचं तर शरीरच आपल्या लिव्हरला परकं समजतं नि खात सुटतं. भाऊजींचा रक्तगट जुळत नाही. सासूबाईंना शुगर, वयही झालं. माझा जुळला, पहिल्याच फेरीत. सगळे खूश. सासूबाई माझ्या पाया पडायच्याच बाकी राहिल्या होत्या. आणि मग स्कॅनमध्ये दिसलं, माझ्याच लिव्हरवर चरबी. दहा किलो उतरवा म्हणाले, मग परत स्कॅन करू. मावशी, सात उतरवले मी. खरंच उतरवले. तेव्हा खरोखर फाटकापर्यंत जायचे, कधीकधी हिला कडेवर घेऊन. तुमच्या गाडीचा वास यायचा, मी भिंतीकडे तोंड करून पुढे जायचे, भिंतीवर लिहिलंय ना, फोटो काढू नये — तेच वाचत. मग हे तीन राहिले. ते काही हलेनात. डॉक्टर म्हणाले, शेवटचे असेच चिवट असतात, घाबरू नका, सगळ्यांचं असंच होतं. सासूबाईंनी रात्रीची अर्धी भाकरी होती तीही काढली. मी मान हलवली. चिवट आहेत खरे. — द्या ना, थांबलात का, गरम आहेत तोवर द्या.

हं. हिलापण एक द्या, छोटं बघून. — तर आम्ही दोघंही नसण्याचं. एकाच दिवशी करतात हो, शेजारशेजारच्या खोल्यांत. मला आधी माहितीच नव्हतं, मला वाटायचं माझं काढतील, नीट बर्फात ठेवतील, मी घरी आले की मग त्यांचं. बी.एस्सी. झालेय मी, केमिस्ट्री, आणि हे डोक्यात! हॉस्पिटलात हे सगळं जुळवून आणणाऱ्या एक मॅडम आहेत, त्यांनी समजावलं, गोड बोलतात, लहान मुलांशी बोलावं तसं — सकाळी आधी तुम्हाला आत नेणार, पाठोपाठ त्यांना, रात्रीपर्यंत दोघंही आयसीयूत. मी विचारलं, मुलीला कधी भेटता येईल? म्हणाल्या, ते बघू आपण. मी डॉक्टरांना विचारलं, धोका किती? म्हणाले, देणाऱ्याला फारच कमी, हजारात दोन-तीन. सवलत दिल्यासारखे म्हणाले. पण मावशी, मी क्वालिटीत काम केलंय, भोसरीला, एमआयडीसीत, ही व्हायच्या आधी. आमच्याकडे दहा लाख पिसांमागे खराब किती, असं मोजतात. हजारात दोन-तीन म्हणजे दहा लाखात दोन-तीन हजार. एवढे खराब निघाले असते तर समोरच्या कंपनीने आख्खी गाडी गेटवरून परत पाठवली असती आणि आमचे साहेब आठवडाभर जेवले नसते. हे मी डॉक्टरांना सांगणार होते. नाही सांगितलं. सही केली. पेनातली शाई संपत आली होती, दोनदा गिरवावी लागली. आणि हा झाला माझा आकडा. तेजूच्या पप्पांचा वेगळा. तो मी विचारलाच नाही.

तर वेण्यांचं असं. मला कोणी विचारलं ना, तुला भीती कशाची वाटते, तर मी वेण्याच सांगेन. त्याच्या पुढचं काही येतच नाही डोक्यात. रडूसुद्धा नाही. सासूबाई रडतात, माझी आई फोनवर रडते, मी त्यांना गप्प करते, मग कुकर लावते. शिट्ट्या मोजते.

तुम्ही कधी पिन बघितलीय का, कंपनीतली? साडीची नाही हो, लोखंडी, बोटाएवढी. आमच्याकडे तीच व्हायची. आणि आमच्या हातात एक गेज असायचं, दोन फटी असलेलं. पहिल्या फटीतून पिन गेलीच पाहिजे, दुसरीतून जाता कामा नये. पहिलीतून जात नसली म्हणजे जाड आहे — मग ती पिवळ्या ट्रेत, घासून परत आणता येते. दुसरीतूनही निसटली म्हणजे बारीक झाली, गेली, लाल ट्रे, भंगार. म्हणून आमचे ऑपरेटर पिन मुद्दाम थोडी जाडच ठेवायचे. जाड असली की काहीतरी करता येतं. आणि पिवळ्या ट्रेची एक गंमत असते मावशी. शिफ्ट संपत आलेली असते, गेज लावलं की पिन अडकतेय की जातेय तेच कळत नसतं, निर्णय घ्यायचा नसतो — मग त्या ट्रेत टाकून वर होल्डचं कार्ड लावायचं नि घरी निघायचं. पुढची शिफ्ट बघेल. पास नाही केली, फेकलीही नाही. कोणी ओरडत नाही त्याच्यावर. सगळेच करतात. मीपण करायचे, चांगली इन्स्पेक्टर म्हणून नाव होतं माझं, तरी करायचे.

हो — तेच. कळलं तुम्हाला. असं बघू नका ना पण. झारा खाली ठेवा, तेल जळतंय.

त्या मॅडम सही झाल्यावर म्हणाल्या, आता फक्त तीन किलो मॅडम, ते उतरले की लगेच तारीख. लगेच. त्या दिवशी हॉस्पिटलातून येताना रिक्षा चौकात सोडली, म्हटलं चालत जाऊ, तेवढंच चालणं — आणि इथं येऊन उभी राहिले. पहिल्यांदा. तुम्ही विचारलं होतंत, पार्सल की इथंच? मी म्हटलं इथंच. भूक नव्हती लागलेली. मावशी, खरं सांगू का, मला भजी आवडतही नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, तुमची चांगली असतील, सगळे म्हणतात — मला कुठलीच आवडत नाहीत, लहानपणापासून. माहेरी भज्यांचा बेत असला की मी बाजूला चटणी-भाकरी घेऊन बसायचे. आताही चव लागत नाही. गरम आहे एवढं कळतं. चावायचं नि गिळायचं, गोळीसारखं. दिवसाआड हॉस्पिटलवाल्यांना मोबाईलवर वजन कळवायचं असतं, काट्याचा फोटो काढून. तीन. परत तीन. एकदा अडीच झालं होतं — त्या दिवशी मी तुमच्याकडे दोन प्लेटी खाल्ल्या. आठवतंय ना? तुम्ही म्हणालात, आज खूश दिसताय.

काटा एकच आहे घरात. दोघंही त्याच्यावरच चढतो, सकाळी, एकामागून एक, देवळात जाऊन आल्यासारखं गंभीर तोंड करून. त्यांच्या पोटात पाणी भरतं. हातपाय काड्यांसारखे, नि पोट असं — आठव्या महिन्यातलं. त्यांचं वजन वाढलं की सासूबाई पदर तोंडाला लावतात, की पाणी वाढलं. माझं कमी झालं नाही की गप्प बसतात. त्यांचं गप्प बसणं जास्त कठीण हो. डॉक्टर परवा म्हणाले, फार लांबवू नका, आत्ता त्यांना झेपेल, पुढचं सांगता येत नाही. असं सगळ्यांसमोर म्हणाले, आणि बघत होते माझ्याकडे. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, प्रयत्न चाललाय सर. त्या वाट बघणाऱ्यांच्या यादीतपण नाव आहे त्यांचं, कुणी वारलं नि घरच्यांनी दिलं तर मिळतं तसं. रोज फोन वाजला की वाटतं — तोच असेल. म्हणजे मी इथं उभी राहून कुणीतरी जायची वाट बघते. बघा. विचार केला तर असंच निघतं, म्हणून मी करत नाही विचार.

आणि ते? ते काहीच म्हणत नाहीत. तीच तर गंमत, सगळी दिघी विचारते किती राहिले, तेवढे एक विचारत नाहीत. भाऊजींनी विषय काढला की म्हणतात, नवनाथ, टीव्ही लाव. भिडस्त आहेत. पहिल्यापासूनच. लग्नानंतर महिनाभर मी भाजीत मीठ दुप्पट घालत होते, माहेरची सवय, बोलले नाहीत, गुपचूप वरून दही घ्यायचे. आता तर उठवतही नाही त्यांना फारसं, खिडकीशी बसून असतात. पण आम्ही निघालो की हिला हाक मारतात आणि हिच्या फ्रॉकच्या खिशात रुमाल घालतात. रोज. — तेजू, ये इकडं, नाक बघ किती गळतंय, काढ तो रुमाल. — बघा, नाही म्हणते. नाकाला लावू देत नाही तो, बाहीलाच पुसते घाणेरडी. बाई, नाकासाठीच तर दिलाय पप्पांनी! — बघा केवढा आहे, पुरुषी, चौकटीचा, हिच्या खिशात मावत नाही. शेवटी मीच वापरते हात पुसायला. बरं, तो रुमाल धुतातही स्वतःच. बेसिनपाशी स्टूल घेऊन बसतात आणि साबण लावून घासत राहतात, आईंना हात लावू देत नाहीत, मला तर नाहीच. मी म्हटलं, अहो, तुम्हाला दम लागतो, मशीनमध्ये टाकते ना मी. म्हणाले, असू दे, एवढं तरी करू दे मला. मला वाटलं, माणूस रिकामा बसला की असं होतं. काहीतरी काम लागतं हाताला.

सासूबाईंचं नाक मात्र कसलं आहे म्हणून सांगू — शेजारी बोंबील भाजले की यांना जिन्यात कळतं. त्यांना दोन महिन्यांत माझा वास आला नाही. बडीशेप खाते मी जाताना, हातावर थोडी चोळतेपण. एवढ्याने भागतं. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

एक प्लेट अजून द्या. — का? — उद्या तपासणी आहे माझी. वजन, मग स्कॅन. उद्या जर का ते झालं, तर त्या मॅडम लगेच — तुम्ही द्या ना. पोट भरलंय की नाही ते मी बघेन. — नाही देणार? असं कसं, गिऱ्हाईक आहे मी. मावशी, तुम्हाला काय वाटतं, मला ते नकोत? मला ते हवेत. रात्री ते झोपले की मी त्यांच्या छातीकडे बघत पडते, वर-खाली होतेय ना. मी एकटी असते ना, तर कधीच गेले असते, म्हटलं असतं कापा, आख्खं घ्या, वजन नंतर करा. पण ही बसलीये ना पायरीवर. त्या दिवशी दाराबाहेर हिचा हात धरून कोण उभं राहणार — आणि समजा आतून कोणी बाहेर आलंच नाही, तर संध्याकाळी हिला काय सांगणार? कोण सांगणार? सासूबाई? त्यांना हिच्या वेण्या धड घालता येत नाहीत! — नाही, आवाज नाही चढवत. सॉरी. भजी राहू द्या. खरंच राहू द्या.

त्या पिना होत्या ना, होल्डवरच्या — त्या वर्षभर पडून राहिल्या तरी काही बिघडत नाही त्यांचं. तेल लावून ठेवलं की झालं. — चला.

तुम्ही कोणाला बोलणार नाही, माहितीये मला. आणि बोललात तरी. उद्या बहुतेक नाही यायची मी, वाट बघू नका. की येईन. बघते. — तेजू, ऊठ, चप्पल घाल, उलटी नाही, अशी. आजीने विचारलं तर काय सांगायचं? — हां. फाटकापर्यंत गेलो, आणि परत आलो. शाबास. आणि कुत्रा दिसला होता, तेही सांग, ते खरंय. लहान मुलं खोटं बोलत नाहीत म्हणतात ना मावशी — ही बोलते. मी शिकवलंय. एवढं छान बोलते की माझाच विश्वास बसतो. — आणि पप्पांनी विचारलं तर? मान काय हलवतेस? बोल ना, पप्पांनी विचारलं तर काय सांगायचं? — पप्पा विचारत नाहीत. हो, ते बरोबर आहे, पप्पा नाही विचारत. बरं, दे तो रुमाल, हात पुसू दे. हा घे, झालं, घडी कर आणि ठेव खिशात. — आता काय? झाले ना हात पुसून. असा तोंडाजवळ का धरतेस माझ्या? तेजू? काय ते नीट सांग.

“तोंडपण पूस ना, आई. पप्पा म्हणाले, आधी आईचे हात आणि मग तोंड. नाहीतर आजीला भज्यांचा वास येतो.”